एमएसच्या इंटरफेरॉन इंजेक्शननंतर येणारा ताप, थंडी, अंगदुखी: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिसची (यात आपलीच इम्युनिटी आपल्या नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, उठते) पेशंट आहे आणि सहा वर्षं झाली दर शुक्रवारी रात्री मांडीत इंटरफेरॉन बीटा घेते. नवीन इंजेक्शन सुरू झालेल्या माणसांचे आणि त्यांच्या घरच्यांचे तेच तेच प्रश्न माझ्याकडे येत राहतात, बहुतेक वेळा रात्री अकरानंतर येतात कारण तेव्हाच थंडी भरलेली असते. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलंय. मी डॉक्टर नाही. गोळ्यांचे डोस तुमच्या न्यूरोलॉजिस्टला विचारूनच ठरवा, विशेषतः लिव्हर, किडनी, अ‍ॅसिडिटी, दमा यातलं काही असेल तर.

१. इंजेक्शन घेतलं आणि ताप भरला, मला इन्फेक्शन झालं का?

नाही. व्हायरस शरीरात शिरला की आपल्याच पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रोटीन सोडतात, त्याचा शोध १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी लावला. फ्लूमध्ये आपल्याला जी कणकण येते, अंग मोडून येतं, डोकं ठणकतं, त्यातलं बरंचसं व्हायरस थेट करत नाही, शरीराची ही धोक्याची घंटा वाजते त्यामुळे होतं. आता आपण तेच प्रोटीन सुईने बाहेरून देतोय, त्यामुळे शरीराला वाटतं व्हायरस आला आणि ते सगळी तयारी सुरू करतं. घंटा खरी वाजते, चोर आलेलाच नसतो. त्यामुळे अँटिबायोटिकचा इथे काहीही उपयोग नाही, आणि हा ताप घरातल्या लहान बाळाला वगैरे लागत पण नाही, जवळ घेऊन झोपा बिनधास्त.

२. साधारण किती वेळाने सुरू होतं आणि किती वेळ टिकतं?

बहुतेकांना ३ ते ६ तासांनी सुरू होतं आणि २४ तासांच्या आत उतरतं. पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं आणि ते आपलं आपल्याला माहीत असणं हीच या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे असं माझं मत आहे. एक साधी वही करा. माझ्या वहीतलं तिसऱ्या आठवड्याचं पान असं आहे: ८.३० इंजेक्शन उजवी मांडी, १२.४० पाय गार, १२.५५ हुडहुडी, १.३० ताप १०१.४, ४ वाजता घाम, ६ वाजता ९९, दुपारपर्यंत डोकं जड. पहिल्या रात्री मला हे काहीच माहीत नव्हतं. आईने पाणी दिलं तर स्टीलचा पेला दातावर खडखड वाजत होता आणि मला वाटलं आता काहीतरी भयंकर होणार. चार आठवड्यांची पानं समोर ठेवल्यावर लक्षात आलं की हे दर वेळी पावणेएकलाच येतंय आणि चारलाच जातंय. ताप तोच होता, पण भीती निम्मी झाली.

३. हे जन्मभर असंच चालणार का?

बऱ्याच जणांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत खूप कमी होतं. काहींना नुसती कणकण उरते, काहींना काहीच नाही. थोड्या लोकांना मात्र वर्षानुवर्षं थोडाफार त्रास राहतो, मला अजूनही शनिवारी सकाळी अंग जड असतं आणि हे सांगायलाच हवं कारण 'तीन महिन्यांत जाईल' असं ऐकलेला माणूस चौथ्या महिन्यात खचतो. लहान चणीच्या बायकांना त्रास जास्त दिसतो.

सुरुवात हळू केली तर फरक पडतो. आठवड्याच्या ३० मायक्रोग्रॅमच्या इंजेक्शनमध्ये पहिल्या आठवड्यात पाव डोस म्हणजे ७.५, मग १५, मग २२.५ आणि चौथ्या आठवड्यात पूर्ण, असं चढवत नेतात. आठवड्यातून तीनदा घ्यायचं असतं त्यातही पहिले दोन आठवडे पाचवा हिस्सा, पुढचे दोन आठवडे निम्मा आणि मग पूर्ण. एक दिवसाआडच्या इंजेक्शनलाही पाव डोसपासून सुरुवात असते. तुम्हाला पहिल्या दिवसापासून पूर्ण डोस सांगितला असेल आणि त्रास सोसवत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की डोस चढवत नेता येईल का. मनाने अर्धी सिरिंज टाकून देऊ नका.

४. तापाची गोळी इंजेक्शनच्या आधी घ्यायची की ताप आल्यावर?

आधी. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, लोक ताप चढायची वाट बघतात, 'उगाच गोळी कशाला' म्हणून, आणि मग १०२ झाल्यावर गोळी घेतात तेव्हा ती लागू पडायला तास जातो आणि तोपर्यंत हालत झालेली असते. साधारण अर्धा ते एक तास आधी एक गोळी, आणि मग डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने पुढचा डोस. पॅरासिटामॉलचा असर ४ ते ६ तासच राहतो. म्हणजे रात्री आठला घेतलेली गोळी एकच्या सुमारास संपते, नेमकी थंडी भरायच्या वेळेला! म्हणून वही. माझा ताप पावणेएकला येतो हे कळल्यावर मी दुसरी गोळी साडेबाराला अलार्म लावून घ्यायला लागले, उशाशी गोळी, पाण्याची बाटली आणि दोन ग्लुकोज बिस्किटं. पहिली गोळी आठची होती म्हणजे मधे साडेचार तास गेलेले, चार तासांच्या आत दुसरी घ्यायची नाही. त्याच आठवड्यात ताप १०१ वरून ९९.५ वर आला.

५. पॅरासिटामॉल चांगलं की आयबुप्रोफेन?

दोन्ही चालतात, आणि कोणाला काय लागू पडेल हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. मुख्य त्रास अंगदुखीचा असेल तर आयबुप्रोफेन किंवा नेप्रोक्सेन जास्त आराम देतं, नेप्रोक्सेनचा असर जवळजवळ १२ तास राहतो म्हणून रात्रभर झोप मिळते असं बरेच जण सांगतात. पण या गोळ्या रिकाम्या पोटी नाहीत, आणि अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाहीत.

पॅरासिटामॉल पोटाला सोपं, पण लिव्हरवर लक्ष हवं, कारण इंटरफेरॉनमुळे पण लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतात. मोठ्या निरोगी माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, पण वजन कमी असेल किंवा दर आठवड्याला घ्यायचं असेल तर बरेच डॉक्टर ३ च्या आतच ठेवायला सांगतात. ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे २६००, म्हणजे २.६ ग्रॅम. आणि हिशेब करताना सर्दीच्या गोळ्या विसरू नका, केमिस्ट जी सर्दी-तापाची गोळी देतो त्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे नकळत डबल डोस होतो. दारू घेत असाल तर त्या दिवशी तरी नकोच.

निमेसुलाइड आपल्याकडे सर्रास मिळतं आणि ताप झटक्यात उतरवतं म्हणून लोकांना आवडतं. लिव्हरला त्रास देणारं म्हणून ते आधीच बदनाम आहे, इंटरफेरॉनसोबत तर मी कोणालाच घेऊ देणार नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात नाव असतं ते वाचा.

६. इंजेक्शन सकाळी घेऊ की रात्री?

बहुतेकांना रात्री, झोपायच्या आधी तीन-चार तास. म्हणजे त्रास झोपेत निघून जातो. पण ज्यांना ताप रात्री येऊन झोपेचं खोबरं होतं आणि दुसरा दिवस पूर्ण वाया जातो, अशा काहींना सकाळी घेऊन बरं वाटलंय, कारण दिवसा गोळ्या वेळेवर घेता येतात, चालतंफिरतं राहता येतं. एक महिना हे, एक महिना ते असं वहीत लिहून बघा. वेळ बदलायची तर दोन डोसमधलं अंतर किती ठेवायचं हे विचारून घ्या. आठवड्याचं इंजेक्शन असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी येईल असा वार निवडा, आठवडाभराने घरात लग्न आहे म्हणून वार पुढे ढकलायचा असेल तेही आधीच विचारून ठेवा.

७. थंडी वाजते म्हणून तीन गोधड्या घेते, पण मग पायच उचलत नाहीत. असं का?

हे एमएसवाल्यांचं खास आहे आणि सगळ्यात जास्त घाबरवणारं आहे. अंगाचं तापमान अर्धा-एक डिग्री जरी वाढलं तरी जिथे नसांवरचं आवरण खराब झालंय तिथून सिग्नल नीट जात नाहीत, म्हणून जुनी लक्षणं परत डोकं वर काढतात, डोळ्यापुढे धूसर होतं, पाय लटपटतात, हाताला मुंग्या. याला उथॉफची लक्षणं म्हणतात, १८९० मध्ये उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं. विदर्भात मे महिन्यात पंख्याखाली बसून जे होतं तेच इथे तापाने होतं. ताप उतरला की परत जागेवर येतं, नवीन नुकसान झालेलं नसतं.

मग पांघरायचं की नाही? हुडहुडी भरलीय तोपर्यंत एक पांघरूण घ्या, पायात मोजे घाला, अंग कुडकुडत असताना गार पाण्याच्या पट्ट्या ठेवू नका, त्याने कुडकुडणं वाढतं. थंडी थांबली आणि अंग तापलं की लगेच पांघरूण काढा, पंखा लावा, सुती कपडे, कोमट पाण्याने मान-काखा पुसा. लोक चुकतात ते इथे, थंडी गेल्यावरही गोधडी तशीच राहते आणि ताप आत कोंडतो. आणि रात्री बाथरूमला जाताना एकट्याने उठू नका. पाय हलके झाल्यासारखे वाटतात पण उभं राहिलं की वाकतात. माझ्या पलंगापासून बाथरूमपर्यंत शुक्रवारी रात्री दिवा चालूच असतो आणि पायपुसणं उचलून ठेवलेलं असतं.

८. मग हा एमएसचा नवीन अटॅक आहे की इंजेक्शनचाच त्रास, कसं ओळखायचं?

ढोबळ नियम असा: जुनीच लक्षणं, तापासोबत आलेली आणि तापासोबत गेलेली, तर इंजेक्शन. अगदी नवीन लक्षण किंवा जुनं लक्षण खूप वाढलेलं, ताप नसताना २४ तासांपेक्षा जास्त टिकलेलं, तर न्यूरोला फोन. लघवीचं इन्फेक्शन पण असंच करतं, त्यामुळे लघवीला जळजळ वगैरे असेल तर ते आवर्जून सांगा.

९. त्या दिवशी खायचं काय? उपवास असेल तर?

जड नको, पण पोट रिकामं पण नको. आमच्याकडे शुक्रवारी मऊ भात, मेतकूट, तूप, ठरलेलंच. पाणी मात्र दिवसभर भरपूर, फक्त इंजेक्शनच्या वेळी गटागटा नाही, सकाळपासून थोडं थोडं. अंगात पाणी कमी असेल तर डोकेदुखी जास्त होते हे मला दर उन्हाळ्यात जाणवतं. ज्यांना ब्लॅडरचा त्रास आहे ते पाणी कमी पितात, मला कळतं का ते, पण या दिवशी तरी ताक, सरबत, काहीतरी घ्या.

उपवासाच्या दिवशी आयबुप्रोफेनसारखी गोळी नको (प्रश्न ५). एकादशी किंवा नवरात्रात इंजेक्शनचा दिवस आला तर दूध, केळं, राजगिऱ्याचा लाडू खाऊन मग गोळी घ्या, आणि निर्जळी उपवास त्या दिवशी करू नका. देव समजून घेतो, पोट नाही घेत.

१०. मला ताप येतच नाही. औषध लागू पडत नसेल का?

ताप आणि औषधाचा फायदा यांचा असा संबंध नाही. ताप न येणं हे चांगलंच आहे. फायदा होतोय की नाही हे अटॅक किती येतात आणि एमआरआयमध्ये नवीन डाग आहेत का यावरून बघतात. उलट पण खरं, ताप खूप येतोय म्हणजे औषध जोरात काम करतंय असंही नाही, त्यामुळे 'सहन करते, फायदा होत असेल' असं म्हणून गोळी न घेता सोसू नका.

११. गुळवेलचा काढा, हळद-दूध, असं काही घेऊ का?

हळदीचं दूध घ्या हो, झोप चांगली लागते. गुळवेल मात्र नको. २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. पण आपलं लिव्हर आधीच इंटरफेरॉन आणि पॅरासिटामॉल सांभाळतंय, आणि एमएसमध्ये इम्युनिटी वाढवायची नसते, ती आधीच आपल्याच नसांवर उठलेली आहे. कुठलाही 'इम्युनिटी बूस्टर' घ्यायच्या आधी न्यूरोला विचारा. शेजारच्या काकू प्रेमाने देतात, नाही म्हणायला जड जातं, तरी नाही म्हणा.

१२. इंजेक्शन थंड घेतलं तर जास्त त्रास होतो का?

तापावर फरक पडत नाही, पण सुईच्या जागी दुखतं आणि लाल होतं. फ्रिजमधलं औषध अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. गरम पाण्यात, उन्हात, मायक्रोवेव्हमध्ये काही नाही. फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्री, फ्रीझरला चिकटून कधीच नाही, गोठलं की टाकून द्यायचं. एसटीने किंवा ट्रेनने जाताना बर्फाची पिशवी आणि औषध यांच्यामध्ये टॉवेल ठेवा. जागा दर वेळी बदला, मी वहीत लिहिते.

१३. पावसाळ्यात खरा ताप आला तर कसं कळणार? डेंग्यू असला तर?

फार महत्त्वाचा प्रश्न. इंजेक्शनच्या तापाला तुमचं ठरलेलं घड्याळ असतं. घड्याळाबाहेर आलेला प्रत्येक ताप खरा धरा: इंजेक्शन नसलेल्या दिवशी आलेला, २४ तास उलटून गेले तरी न उतरलेला, किंवा उतरून परत चढलेला. सोबत डोळ्यांमागे दुखणं, पुरळ, हिरड्यातून रक्त, पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या असतील तर थांबू नका, रक्त तपासा. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, अ‍ॅस्पिरिन बंद, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो, फक्त पॅरासिटामॉल. इंटरफेरॉनमुळे पांढऱ्या पेशी आणि कधी प्लेटलेट पण थोड्या कमी होतात, त्यामुळे तपासणाऱ्या डॉक्टरांना 'मी इंटरफेरॉन घेते' हे पहिल्या वाक्यात सांगा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला हे न सांगितल्यामुळे एका दवाखान्यात मलेरियाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या.

१४. आधीच ताप आहे आणि आज इंजेक्शनचा दिवस आहे, घेऊ का?

साधी सर्दी असेल तर बहुतेक वेळा घेतात. अंगात चांगला ताप असेल तर आधी फोन करा, कारण मग कुठला ताप कशाचा ते कळायला मार्ग राहत नाही. डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल कधीच नाही. फ्लूची किंवा दुसरी लस घ्यायची असेल तर त्यासाठी इंजेक्शन नसलेला दिवस निवडलेला बरा, याच कारणाने.

१५. दोन महिने औषध बंद होतं, आता परत सुरू केलं तर पहिल्यासारखाच ताप आला. का?

शरीराची सवय मोडली. मोठी गॅप पडली असेल तर परत डोस चढवत न्यायचा का ते विचारा (प्रश्न ३). पैशांमुळे किंवा औषध मिळालं नाही म्हणून गॅप पडत असेल तर तेही डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई आणि पुण्याच्या शाखा आहेत, तिथे बोलून बघा.

१६. ताप गेला तरी दोन दिवस रडू येतं, कशात मन लागत नाही. हे पण त्यातलंच का?

असू शकतं, आणि हे अंगावर काढायचं नाही. इंटरफेरॉनच्या माहितीपत्रकात डिप्रेशनची सूचना स्पष्ट लिहिलेली असते, एमएसमध्ये डिप्रेशन तसंही जास्त दिसतं. दोन आठवडे मन खाली असेल तर डॉक्टरांना सांगा. जगण्यात अर्थ नाही असं मनात आलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला घरातल्या कोणालातरी सांगा आणि दवाखान्यात जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही. घरच्यांनी पण 'मनाला लावून घेतेस' असं म्हणू नका, कृपा करून.

१७. ऑफिसमध्ये दर आठवड्याला काय सांगू?

जेवढं सांगावंसं वाटतं तेवढंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, प्रमाणपत्र मिळत असेल तर काढून ठेवा.

१८. रक्त कधी कधी तपासायचं?

साधारण सुरू करायच्या आधी, मग १, ३, ६ महिन्यांनी आणि पुढे अधूनमधून: लिव्हर, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), सांगितलं तर थायरॉइड. डोळे पिवळे, लघवी चहासारखी, खूप खाज, भूक मेलेली असं असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. अंगावर गांधी, चेहरा सुजणं, श्वास लागणं हा तर ताप नाहीच, ती अ‍ॅलर्जी, सरळ इमर्जन्सीला.

१९. दिवस राहिले तर इंजेक्शन आणि या गोळ्या चालतात का?

पूर्वी लगेच बंद करायचे. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने गरज असेल तर गरोदरपणातही इंटरफेरॉन बीटा चालू ठेवता येईल असं माहितीपत्रकात बदललं. तरी निर्णय न्यूरो आणि गायनॅक दोघांनी मिळून घ्यायचा, शक्यतो दिवस राहायच्या आधीच. तापासाठी पॅरासिटामॉल विचारून, आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने नाहीत, शेवटच्या महिन्यांत तर नाहीतच.

२०. सगळं करून बघितलं. गोळ्या वेळेवर, डोस हळू, रात्री-सकाळी दोन्ही. तरी सहन होत नाही. बंद करू का?

गुपचूप बंद करू नका, एवढंच माझं मागणं आहे. मला असे चार जण तरी माहीत आहेत ज्यांनी फ्रिजमध्ये सिरिंज साठवल्या आणि डॉक्टरांना 'हो घेतोय' सांगत राहिले, मग अटॅक आल्यावर डॉक्टरांना वाटलं औषध फेल गेलं. वही घेऊन जा आणि समोर ठेवा. पहिल्या काही आठवड्यांपुरतं कमी डोसचं स्टेरॉइड काही डॉक्टर देतात. दोन आठवड्यांतून एकदा घ्यायचं पेगिलेटेड (शरीरात जास्त दिवस टिकणारं) इंटरफेरॉन आहे, म्हणजे महिन्यातून ताप दोनदाच. आणि इंटरफेरॉन नसलेली औषधं आहेत, ग्लॅटिरामर नावाचं इंजेक्शन आहे ज्यात हा फ्लूसारखा ताप सहसा येत नाही, तोंडाने घ्यायच्या गोळ्याही आहेत, प्रत्येकाचे आपले वेगळे त्रास आणि वेगळ्या तपासण्या. बदलायचं असेल तर बदला, पण पुढचं औषध हातात येईपर्यंत मधे किती दिवस मोकळे ठेवायचे हे डॉक्टरांकडून तारखेसकट लिहून घ्या.